एक वर्ष बाकावर

माझ्या धाकट्या दिरांइतका सातत्यानं हरणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि हे मी अमेरिकेतल्या एका फार्मसीच्या काउंटरमागे इतकी वर्षं उभी राहून, तऱ्हेतऱ्हेची खचलेली माणसं बघून सांगते आहे. इतर माणसं अधूनमधून हरतात, चार दिवस गप्प बसतात, गोळ्या घेतात, सावरतात. आमचे भाऊजी सप्टेंबर ते जानेवारी दर रविवारी हरतात आणि सोमवारी सकाळी डबा घेऊन पुन्हा हरायला जातात. त्यात त्यांचा दोष म्हणाल तर एवढाच, की ते आमच्या शहराच्या फुटबॉल संघात नोकरीला आहेत. फुटबॉल म्हणजे इथलं, अमेरिकेचं. त्यात चेंडूला पाय क्वचित लागतो आणि माणसांना मात्र सगळंच लागतं. सासूबाई पुण्यात अजूनही सगळ्यांना सांगतात की धाकटा कॉम्प्युटरमध्ये आहे. एका अर्थी ते खरंही आहे. फार वर्षांपूर्वी भाऊजींच्या कंपनीनं त्यांना स्टेडियमवर तिकिटं तपासायच्या मशीनची सिस्टिम दुरुस्त करायला पाठवलं होतं. काम होईपर्यंत आत मॅच सुरू झाली, भाऊजींनी दारातून जरा डोकं आत घातलं, आणि ते डोकं आजतागायत बाहेर आलेलं नाही. आधी त्यांनी संघाला मॅचच्या व्हिडिओंचे तुकडे पाडून दिले, मग त्या तुकड्यांवरून कोण कुठे चुकतो ते दाखवून दिलं, आणि असं करत करत ते क्वार्टरबॅकच्या खोलीत जाऊन पोचले. तिथलं त्यांचं पद इतकं लांबलचक आहे की त्यात ‘असिस्टंट’ हा शब्द दोनदा येतो.

क्वार्टरबॅक म्हणजे काय हे समजायला मला बरीच वर्षं लागली. तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं दुःख कळेल. चेंडू हातात आल्यापासून दोन-तीन सेकंदांत ज्याला तो कुणाकडे फेकायचा हे ठरवावं लागतं, आणि त्याच दोन-तीन सेकंदांत ज्याला आडवं पाडायला समोरून अगडबंब माणसं धावत येत असतात, तो क्वार्टरबॅक. गंमत अशी की त्यानं त्या धावत येणाऱ्या माणसांकडे बघायचंच नसतं. नजर लांब, आपल्या गड्यांवर ठेवायची, चेंडू फेकायचा आणि मग निमूट मार खायचा. दर वर्षी कॉलेजातून अशी नवी पोरं संघांमध्ये येतात, सगळं शहर त्यांच्याकडे डोळे लावून बसतं, आणि त्यांना घडवणं हे भाऊजींचं काम. या कामाबद्दल त्यांचं एकच म्हणणं आहे आणि ते त्यांनी आमच्या घरात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलेलं आहे, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा. नव्या पोराला एक वर्ष बाकावर बसवा. एक अख्खं वर्ष. त्याला बघू द्या, शिकू द्या, जुन्या खेळाडूच्या मागे मागे फिरू द्या, पण मैदानात सोडू नका. कच्च्या पोराला एकदा का भीती बसली की ती निघत नाही. हे कोचच्या गळी उतरावं म्हणून एकदा ते माझ्याकडून कणीक घेऊन गेले होते. एका डब्यात नुकती भिजवलेली आणि दुसऱ्यात तासभर झाकून मुरवलेली. भर मीटिंगमध्ये यांनी पोळपाट मांडून दोन्ही पोळ्या लाटून दाखवल्या. कच्च्या कणकेची कशी चिरते आणि मुरलेलीची कशी सुरेख पसरते. सगळ्या कोचमंडळींनी फार लक्ष देऊन पाहिलं म्हणे. एकानं मुरलेल्या कणकेचा गोळा खाऊन बघितला आणि मीठ कमी आहे असं सांगितलं.

त्यामुळे आजवर एकाही पोराला ते वर्ष मिळालेलं नाही. संघ हरायला लागला की लोक ओरडतात, लोक ओरडले की मालक घाबरतो, मालक घाबरला की कोचला आपल्या नोकरीची धास्ती पडते, आणि मग बाकावरच्या कोवळ्या पोराला उचलून त्या रेड्यांसमोर उभं करतात. भाऊजी आमच्या बेसमेंटमध्ये राहतात. तिथं एका भिंतीवर त्यांनी आजवर वाया गेलेल्या सगळ्या पोरांचे फोटो ओळीनं लावले आहेत. हसरे, तरणेताठे, हेल्मेट काखेत धरलेले. पहिल्यांदा ती भिंत पाहिली तेव्हा पितृपक्ष चालू होता, आणि मी न राहवून विचारलं की यांनाही पान वाढायचं का. भाऊजींना ते मुळीच आवडलं नाही. सगळे जिवंत आहेत हो वहिनी, म्हणाले, एक घरं विकतो, एक शाळेत कवायत घेतो, त्या शेवटच्याचं काही कळत नाही. मग बराच वेळ त्या शेवटच्याकडे बघत राहिले. मी वर येऊन मुकाट्यानं कुकर लावला.

हा माणूस धड लग्नालाही उरला नाही. माझ्या नवऱ्यानं, मिलिंदनं, एक फार चांगलं स्थळ शोधून काढलं होतं. मुलगी नागपूरची, माझ्या माहेरची, म्हणून मीही जरा उत्साहात होते. कॉफी प्यायला दोघं भेटले. तिनं त्यांना विचारलं, तुम्ही नक्की काय करता. एवढंच विचारलं बिचारीनं. भाऊजींनी टेबलावर साखरेच्या पुड्यांची एक रांग लावली, मिरपुडीची समोर दुसरी रांग लावली आणि तिला क्वार्टरबॅक केलं. पाऊण तास ती साखर हलवत होती. घरी आल्यावर मी आशेनं विचारलं, कशी वाटली? तर म्हणाले, स्वभाव उत्तम आहे, पण डावीकडून येणारा माणूस तिला एकदाही दिसला नाही. लोकांच्या लग्नात गेले तर हे वधूवरांची तोंडं बघत नाहीत, सप्तपदीत पावलं कशी पडतात ते बघतात. आमच्या शेजारच्या देशमुखांच्या मुलाच्या लग्नात यांनी मंडपात हळूच सांगितलं की मुलाचा भार सगळा मागच्या पायावर आहे, हा ऐनवेळी गडबडणार. पुढं त्या दोघांचं बिनसलं, आणि देशमुखकाकू आजही भाऊजींकडे भविष्य विचारल्यासारखं बघतात.

तर अशा या आमच्या भाऊजींच्या पदरात दोन वर्षांपूर्वी तो पोरगा पडला. मक्याच्या शेतांच्या मुलखातला, इतक्या छोट्या गावचा की गावाचं नाव सांगून झाल्यावर तो स्वतःच शेजारच्या मोठ्या गावाचं नाव सांगायचा, आणि तेही आम्ही कुणी ऐकलेलं नसायचं. उंची अशी की आमच्या स्वयंपाकघरात आला की दिव्याला मान वाकवायचा. बोलणं इतकं हळू आणि अदबीचं की मला पहिल्या दिवशी वाटलं हा कुठल्या तरी धर्माच्या प्रचाराला आला आहे. हात विलक्षण होता त्याचा. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण एकदा अंगणातून त्यानं माझ्या मुलीची हरवलेली चप्पल पोटमाळ्याच्या उघड्या खिडकीतून बरोब्बर आत फेकली, तेव्हा मीही तोंडात बोट घातलं. अडचण एकच होती. पाठांतर. या खेळात दर वेळी कोच हेल्मेटमधल्या रेडिओवरून एक हे लांब वाक्य सांगतो, सगळं सांकेतिक, रंग आणि आकडे आणि जनावरांची नावं एकात एक गुंफलेली. ते ऐकायचं, जसंच्या तसं आपल्या गड्यांना म्हणून दाखवायचं आणि लगेच खेळायचं. पोरगा अर्ध्यावर अडकायचा. लाल पडायचा. गडी एकमेकांकडे बघायचे.

यावर भाऊजींनी जो उपाय काढला तो अमेरिकेत दुसऱ्या कुणाला सुचणं शक्य नाही. त्यांनी त्याला परवचा लावला. संध्याकाळी दिवेलागणीला पोरगा आमच्याकडे यायचा, बूट दारात काढायचा, हातपाय धुवायचा, आणि देवघरासमोरच्या सतरंजीवर मांडी घालून बसायचा. त्या माणसाची मांडी घालणं म्हणजे एक सोहळाच होता, गुडघे काही केल्या खाली यायचे नाहीत. भाऊजी समोर बसून, दोन्ही हातांनी ताल धरून म्हणायचे, ‘म्हणून दाखव.’ मराठीतच म्हणायचे. ते दोन शब्द त्याला आईच्या हाकेसारखे समजायला लागले होते. मग तो सुरू व्हायचा. आधी पाच-दहा वाक्यं, मग पंचवीस, मग संघाच्या डावांचा अख्खा जाडजूड ग्रंथ. पाढ्यांच्या चालीवर. मी पोळ्या करताकरता ऐकायची, आणि महिन्याभरात त्यातली बरीच मलाही पाठ झाली. पाठ झाल्यावर परीक्षा. भाऊजींनी मैदानावरचा एखादा पेच सांगायचा आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आत त्यानं वाक्य म्हणून उत्तर द्यायचं. त्यानं भागेना म्हणून मग आम्हाला सगळ्यांना कामाला लावलं. मिलिंद डावीकडून, माझी मुलगी उजवीकडून, आणि मी मधून लाटणं घेऊन अंगावर धावून जायचं. पहिल्या वेळी मी हळूच गेले तर भाऊजी रागावले, म्हणाले वहिनी, तुम्ही आमटीत मीठ घालायला निघाल्यासारख्या येताय. दुसऱ्या वेळी मी मन लावून गेले आणि पोरग्याच्या खांद्यावर लाटणं लागलं. त्यानं माझी माफी मागितली. मग वरणभात, त्यावर तूप, आणि वर भाऊजींचं रोजचं पालुपद, घाई नाही, तुला एक वर्ष आहे.

आणि खरंच, या वेळी ते वर्ष मिळणार असं दिसत होतं. संघानं एक उतारवयाचा, गुडघ्यांना पट्टे बांधलेला जुना खेळाडू आणला होता. यंदा त्यानं खेळायचं, पोरग्यानं बघायचं, असं हेड कोचनं सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. भाऊजी त्या उन्हाळ्यात इतके खुशीत होते की त्यांनी सतारीचा क्लास लावला आणि दोन वेळा गेलेसुद्धा. मग सीझन सुरू झाला आणि आम्ही ओळीनं हरू लागलो. लोक डोक्यावर कागदी पिशव्या घालून मॅचला येऊ लागले, म्हणजे कुणी ओळखू नये. ‘नव्याला आणा, नव्याला आणा’ असा घोष व्हायला लागला. भाऊजी दर मीटिंगमध्ये नाही म्हणत होते, आणि आश्चर्य म्हणजे कोच ऐकत होता. त्याची स्वतःची नोकरी टांगणीला लागली होती तरी तो बिचारा शब्दाला जागत होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळ्यांनी त्याला नावं ठेवली.

सीझनच्या मध्यावर संघाला एक आठवडा सुट्टी असते. त्या वर्षी ती नेमकी दिवाळीत आली. भाऊजींना फार हौस, म्हणून कोच आणि त्याची बायको फराळाला आली. मालकही आला. त्याचा मूळ धंदा गॅरेजच्या दारांचा. माणूस वाईट नाही, पण बसल्या जागेवरून तो आमच्या गॅरेजच्या दाराकडे बघत होता. पोरगाही होता, नवा कुर्ता घालून. तो मिलिंदचा, त्यामुळे बाह्या कोपरापर्यंतच आल्या होत्या. चकल्या चांगल्या झाल्या होत्या. कोचनं तीन वेळा घेतल्या. सगळं कसं छान चाललं होतं. आणि काहीतरी बोलायचं म्हणून कोचनं भाऊजींना विचारलं, तुमच्या विद्यार्थ्याचं कसं काय चाललंय?

आता या घराण्याची एक रीत सांगते. माझ्या सासरी पाहुणा आला आणि त्याच्या हातात कप पडला की घरातलं पोर त्याच्यापुढे उभं करायचं आणि त्याला म्हणून दाखवायला लावायचं. श्लोक, पाढे, जे काय येत असेल ते. मिलिंद सांगतो, त्यांच्याकडे मीटर वाचायला आलेल्या माणसानंही एकोणतिसाचा पाढा पूर्ण ऐकला आहे. भाऊजी त्यात हिरो होते. ते म्हणू लागले की आजोबा डोळे मिटून मान डोलवायचे, आणि पाहुणा गेल्यावर त्यांच्या हातावर खडीसाखर पडायची. हे रक्तात असतं हो, शिकवून येत नाही आणि अक्कल आली म्हणून जातही नाही. कोचनं विचारलं मात्र, भाऊजींचे कान लाल झाले. मी स्वयंपाकघराच्या दारात चिवड्याचं ताट घेऊन उभी होते. मला काय होणार ते दिसलं. मी डोळ्यांनी खुणा केल्या, ताट आपटलंसुद्धा. पण भाऊजींचं लक्ष नव्हतं. त्यांनी पोरग्याकडे वळून म्हटलं, ‘म्हणून दाखव.’

पोरग्यानं हातातला लाडू बशीत ठेवला, बोटं पुसली आणि उठून उभा राहिला. हात बांधले. आणि सुरू झाला. पहिल्या पानापासून, एकही शब्द न अडखळता, त्या आमच्या पाढ्यांच्या चालीवर. आधी कोच हसला. मग त्याचं चावणं थांबलं. मग त्यानंच मध्ये मध्ये अवघड प्रश्न टाकायला सुरुवात केली, समोरच्यांनी असं केलं तर, पाऊस असेल तर, एकच मिनिट उरलं असेल तर, आणि याच्या तोंडून उत्तर बाहेर पडायचं प्रश्न संपायच्या आत. भाऊजी डोळे मिटून मान डोलवत होते. इतकं सुख मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. संपलं तेव्हा कोचच्या बायकोनं टाळ्या वाजवल्या. मालकानं बशी खाली ठेवली आणि अगदी साधेपणानं कोचला विचारलं, मग हा मुलगा बाकावर कशाला बसलाय?

भाऊजींनी डोळे उघडले. काय झालं ते त्यांच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. मग ते उठलेच, म्हणाले, नाही नाही, हे नुसतं पाठांतर आहे, इथं त्याच्या अंगावर कोण येतंय, माझी वहिनी येते लाटणं घेऊन, हा खेळ नाही. तिकडे मालक कोचकडे बघत होता. कोचनं भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तू त्याला तयार केलंस, मित्रा. त्याच्या मनात खरोखर कौतुकच होतं. पुढच्या रविवारी पोरगा खेळणार हे आमच्या दिवाणखान्यात, दिवाळीच्या फराळावर ठरलं. जाताना मालकानं गॅरेजचं दार बदलून घ्या असंही सांगितलं. ते गेल्यावर भाऊजी कितीतरी वेळ त्या अर्ध्या लाडवाकडे बघत बसले होते. मिलिंद म्हणाला, यार, जाऊ दे, कदाचित चांगला खेळेल.

आणि सुरुवातीला खेळलाही. पहिल्याच वेळी त्यानं चेंडू असा लांब फेकला की अख्खं स्टेडियम उभं राहिलं; लोकांनी डोक्यावरच्या पिशव्या काढून हवेत उडवल्या. मी भाऊजींसाठी देवापुढे साखर ठेवली. मग समोरच्या संघानं काहीतरी असं केलं जे ग्रंथात नव्हतं. पोरगा थांबला. टीव्हीवर मला स्पष्ट दिसलं, त्याचे ओठ हलत होते. तो आठवत होता. पाठ केलेलं सगळं होतं त्याच्याजवळ, फक्त यातलं काय म्हणायचं ते कळेना, आणि तेवढ्यात डावीकडून आलेल्या माणसानं त्याला असं आपटलं की मी खुर्चीवरून उठले. त्यानंतर प्रत्येक रविवारी तेच. खांदा गेला, बरगडी गेली, इंजेक्शन देऊन पुन्हा उभा केला. तेही एक वेळ भरून येतं. पण सहाव्या-सातव्या मॅचनंतर भाऊजी टीव्हीसमोर व्हिडिओ मागेपुढे करत होते, आणि एका जागी थांबवून त्यांनी मला बोलावलं. त्यांनी पडद्यावर फक्त बोट ठेवलं. पोरग्याची नजर लांब नव्हती. तो धावत येणाऱ्यांकडे बघत होता. त्याच आठवड्यात तो जेवायला आला होता आणि माझ्या कुकरची शिट्टी झाली, तेव्हा त्यानं दचकून दोन्ही हात डोक्यावर घेतले. मग ओशाळून हसला. त्या दिवसापासून तो घरात असला की मी भात पातेल्यातच करत असे.

माझी मुलगी तेरा वर्षांची, कुणाची भीडभाड न ठेवणारी. ती म्हणाली, ‘काका, ही इज डन, यू नो दॅट, राइट?’ भाऊजींनी मान हलवली. त्यांना आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तरी ते रोज त्याच्याबरोबर बसत होते. पाठांतर बंद केलं होतं. नुसते गप्पा मारायचे, त्याच्या गावच्या, मक्याच्या, पुण्याच्या. मोकळ्या मैदानात त्याला नेऊन, अंगावर कुणीही न येता, तासन्‌तास नुसतं लांब बघायला लावायचे. काही उपयोग झाला नाही. जानेवारीत कोचला काढलं. नवा कोच आला तो आपली माणसं घेऊन आला, भाऊजींना मात्र त्यानं ठेवून घेतलं. वसंत ऋतूत पोरग्याला सोडून दिल्याचं पत्रक निघालं, दोन ओळींचं.

निघायच्या आदल्या दिवशी तो आमचा निरोप घ्यायला आला. भाऊजी खाली बेसमेंटमध्ये होते आणि वर येत नव्हते. मी दोनदा हाक मारली. शेवटी पोरगाच मान वाकवून जिना उतरून गेला. मी मागोमाग चहा घेऊन गेले तर हे भिंतीकडे तोंड करून उभे. पोरगा त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. भाऊजी त्याला म्हणाले, चूक माझी झाली, मला मिरवायचं होतं. इंग्रजीत हे वाक्य म्हणताना त्यांना फार वेळ लागला. पोरग्यानं थोडा विचार केला. तो नेहमीच बोलायच्या आधी विचार करायचा. म्हणाला, ‘कोच, त्या दिवशी तुमच्या घरात मी जितका चांगला होतो तितका आयुष्यात कधी नव्हतो. ते कुणीतरी पाहिलं, याचं मला बरं वाटतं.’ मी चहा तिथंच पायरीवर ठेवला आणि वर आले. आता तो त्याच्या गावी वडिलांबरोबर शेती करतो. दिवाळीला मी लाडू पाठवते, त्याच्या आईकडून मक्याच्या पिठाचा केक येतो. त्याचा फोटो भाऊजींनी त्या भिंतीवर लावलेला नाही. का, ते मी विचारलं नाही.

मला वाटलं होतं, आता हा माणूस हे सगळं सोडेल. मिलिंदनं एक साधी, सरळ, आठवड्याला पाचच दिवस हरावं लागेल अशी सॉफ्टवेअरची नोकरीही शोधली होती. भाऊजी इंटरव्ह्यूला गेले आणि उन्हाळ्यात संघाकडे परत गेले. कारण नवा पोरगा आला होता. या वेळचा बुटका, बडबड्या, हसरा, सगळ्यांच्या पाठीवर थापा मारणारा. भाऊजी घरी त्याच्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत, त्यावरून मी काय ते समजले.

गेल्या ऑगस्टमध्ये सराव बघायला घरच्यांना बोलावलं होतं, म्हणून मी गेले. रणरणतं ऊन होतं. सराव संपला, पोरं बाकावर हेल्मेट काढून पाणी पीत होती. मालक छत्री घेऊन नव्या कोचबरोबर फिरत फिरत आमच्याजवळ आला. मला ओळखलं, चकल्यांची चौकशी केली. मग भाऊजींना विचारलं, काय, नवा मुलगा कसा आहे, फार हुशार आहे म्हणतात? भाऊजींचे कान हळूहळू लाल होत गेले. मी जागच्या जागी गार पडले. मनात म्हटलं, गेलं, हेही पोर गेलं. भाऊजींनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी पुन्हा घातली. मग म्हणाले, ‘त्याला अजून काही येत नाही. वर्षभर तरी त्याचं नाव काढू नका.’

जरा मोठ्यानंच म्हणाले. बाकावरच्या त्या हसऱ्या पोराला ते ऐकू गेलं. त्याचं हसू पार उतरलं. त्यानं खाली बघत बुटाची नाडी बांधायला घेतली, ती आधीच बांधलेली होती. भाऊजींनी ते पाहिलं. मला वाटलं ते आत्ता त्याच्याजवळ जातील, काहीतरी बोलतील. ते गेले नाहीत. मालक आणि कोच दिसेनासे होईपर्यंत तिथंच उभे राहिले, तोंड पाडून, एखाद्या मठ्ठ मुलाचा मास्तर उभा राहील तसे. परत येताना गाडी मी चालवत होते. अर्धा रस्ता ते खिडकीतून बाहेर बघत होते. मग माझ्याकडे न वळताच म्हणाले,

‘वहिनी, फार चांगला आहे हो तो.’